बाणाच्या पल्ल्यासाठी लेझर रेंजफाइंडर कसा पारखावा

लेझर रेंजफाइंडरच्या, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा हजार, दीड हजार किंवा दोन हजार यार्डांचा असतो. धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस मात्र सहसा वीस ते पन्नास यार्डांवरच बाण सोडतो. मोठा आकडा रायफलवाल्याच्या कामाचा आहे. तिरंदाजाला हवे असलेले गुण वेगळेच आहेत आणि ते खोक्यावर क्वचितच छापलेले असतात. साठ यार्डांच्या आत, मावळत्या उजेडात, फांद्यांच्या जाळीतून, नेमक्या हव्या त्याच वस्तूचे अंतर आवाज न करता आणि एका झटक्यात सांगणे, एवढीच या यंत्राकडून अपेक्षा आहे, आणि ती पुरी करणारे यंत्र सर्वांत महाग किंवा सर्वांत लांब पल्ल्याचे असतेच असे नाही.

हा विषय मुख्यतः अमेरिकेतला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे धनुष्याने शिकार करण्याचा प्रश्न इथे उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत शरद ऋतूमध्ये धनुष्यशिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो, त्यासाठी राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी झाडावर मचाण बांधून बसणे ही तिथली सर्वांत रुळलेली पद्धत आहे. तिथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींना हा छंद लागला आहे त्यांच्यासाठी, आणि निव्वळ तिरंदाजीच्या सरावासाठी हे यंत्र घेऊ पाहणाऱ्या इथल्या वाचकांसाठीही, पुढचे विवेचन आहे. अमेरिकेतली धनुष्ये यार्डांत लावलेली असल्यामुळे शिकारीच्या संदर्भात यार्डच वापरले आहेत. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर.

अंतर चुकले तर नेमके किती बिघडते, हे आधी पाहू. रायफलची गोळी पन्नास यार्डांत जवळजवळ सरळ जाते, बाण जात नाही. आजच्या कंपाउंड (टोकांना चाके बसवलेल्या) धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचा वेग सेकंदाला सुमारे २८० फूट धरला, तर ४० यार्ड कापायला त्याला ०.४३ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ तीन फूट खाली ओढते. हे खाली येणे भरून काढण्यासाठी धनुष्यावरच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरण्याच्या साधनात, वीस, तीस, चाळीस यार्डांसाठी वेगवेगळ्या पिना लावलेल्या असतात. हरीण प्रत्यक्षात ४५ यार्डांवर आहे आणि आपण ४० ची पिन धरली, तर हवेचा अडथळा हिशेबात न घेताही बाण सुमारे १२ ते १३ सेंटिमीटर खाली लागतो. हरणाच्या फुप्फुस आणि हृदयाच्या भागाचा व्यास ढोबळपणे २० सेंटिमीटर धरतात, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १० सेंटिमीटर. अंदाज पाच यार्डांनी चुकला की बाण या वर्तुळाच्या बाहेर गेला; प्राणी जखमी होऊन पळतो आणि बहुतेक वेळा हाती लागत नाही. मोकळ्या मैदानात सवयीच्या नजरेलाही ४० आणि ४५ यार्डांतला फरक सांगणे कठीण जाते, उताराच्या रानात तर फारच.

यातली एक बाब मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही: धनुष्य जितके मंद, तितकी अंतराची चूक महाग पडते. सेकंदाला १८० फूट वेगाने बाण सोडणाऱ्या पारंपरिक लाकडी धनुष्यातून २० यार्डांच्या हिशेबाने नेम धरला आणि लक्ष्य २५ यार्डांवर निघाले, तर बाण सुमारे १७ सेंटिमीटर खाली जातो. त्याच चुकीला वर सांगितलेले कंपाउंड धनुष्य फक्त सात सेंटिमीटरची शिक्षा देते. ‘साध्या धनुष्याला कशाला हवे यंत्र’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता यंत्र काम कसे करते ते पाहू. बटण दाबताच आतला लेझर डायोड डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अत्यंत छोटे स्पंद पाठवतो. या वर्गातल्या बहुतेक यंत्रांत त्याची तरंगलांबी ९०५ नॅनोमीटरच्या आसपास असते. हे स्पंद लक्ष्यावर आपटून विखुरतात, त्यांचा अगदी क्षीण भाग परत येतो, आणि जाण्या-येण्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोलीचा अदमास घ्यावा, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एका अब्जांश भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. ४० यार्डांवर जाऊन परत यायला त्याला सुमारे २४४ नॅनोसेकंद लागतात आणि एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला हे सहज जमते, म्हणून साध्या यंत्राचीही अचूकता अधिकउणे एका यार्डाच्या आत असते.

इथे एक गफलत होते. स्क्रीनवर ‘३७.४’ असा दशांशासह आकडा दिसला म्हणजे यंत्र तितके अचूक आहे असे नव्हे. दाखवण्याचा बारकावा आणि मोजण्याची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माहितीपत्रकात त्या वेगवेगळ्या दिलेल्या असतात. शिवाय ४० यार्डांवर एका यार्डाच्या चुकीने कंपाउंड धनुष्याचा बाण दोन-अडीच सेंटिमीटरच सरकतो. अचूकता अर्ध्या यार्डाची की एका यार्डाची, या घोळात शिकाऱ्याने पैसे घालण्याचे कारण नाही. खरी चूक एका यार्डाची नसते. ती बारा यार्डांची असते, आणि यंत्राने भलत्याच वस्तूचे अंतर सांगितल्यामुळे होते.

ते कसे घडते हे समजले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो. लेझरचा झोत सुईच्या टोकासारखा राहत नाही, तो पसरतो. पसरण्याचे माप मिलिरेडियनमध्ये देतात, आणि एक मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. दोन मिलिरेडियनचा झोत ४० यार्डांवर सुमारे सात सेंटिमीटरचा होतो, आणि डायोडच्या घडणीमुळे तो बहुधा गोल नसून एका दिशेने लांबट असतो. या झोताच्या वाटेत २५ यार्डांवर बोटाएवढी काटकी आडवी आली, तर प्रकाशाचा काही भाग काटकीवरून परततो आणि काही मागच्या हरणावरून. यंत्राकडे दोन उत्तरे येतात. कोणते दाखवायचे हे आतल्या आज्ञावलीवर अवलंबून असते: काही यंत्रे सर्वांत जवळच्या वस्तूला प्राधान्य देतात, काही सर्वांत दूरच्या, काही सर्वांत जोरकस परतीला. शिकारीसाठी दूरच्या वस्तूला प्राधान्य देणारी सोय असलीच पाहिजे, आणि ती मेनूत सात पायऱ्या आत दडलेली नसावी.

गोल्फसाठी बनलेले यंत्र स्वस्तात मिळते म्हणून धनुष्यासाठी घेऊ नये, याचे एक कारण हेच आहे. गोल्फमध्ये झेंड्याच्या मागे झाडी असते आणि खेळाडूला झेंड्याचे अंतर हवे असते, म्हणून ती यंत्रे जवळच्या वस्तूला धरून बसतात. रानात नेमके उलट हवे: पुढचे गवत आणि डहाळ्या सोडून मागचे हरीण. दुसरे कारण चढउताराचे आहे, ते पुढे येईलच.

मग खोक्यावरचा हजार यार्डांचा आकडा अगदीच निरर्थक आहे का? तसे नाही, पण तो वाचायचा कसा हे माहीत हवे. हा आकडा चकचकीत, प्रकाश उत्तम परतवणाऱ्या फलकावर मिळालेला असतो. माहितीपत्रक बारकाईने पाहिले तर त्याच यंत्राचा पल्ला झाडावर त्याहून कमी आणि हरणावर आणखी कमी, अनेकदा निम्म्याहूनही कमी, दिलेला आढळतो. ज्या कंपनीने हरणावरचा आकडा दिलाच नाही तिच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. धनुष्याच्या कामाला हरणावर दोनशे-तीनशे यार्डांचा पल्ला भरपूर झाला. त्याहून जास्तीचा उपयोग इतकाच की ओल्या, काळपट, तिरप्या पृष्ठभागावरून क्षीण परत येणारा प्रकाशही यंत्राला पकडता येतो. मोठ्या पल्ल्याच्या काही यंत्रांची किमान मर्यादा मात्र दहा यार्डांच्या आसपास असते, आणि मचाणाच्या बुंध्याशी येऊन उभ्या राहणाऱ्या हरणाच्या बाबतीत तोही विचार करावा लागतो.

चढउताराचा मुद्दा सर्वांत जास्त जाहिरातीचा आणि सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. यंत्र डोळ्यापासून लक्ष्यापर्यंतचे सरळ अंतर मोजते. बाण खाली किती येणार हे मात्र मुख्यतः त्या अंतराच्या आडव्या भागावर अवलंबून असते, म्हणजे सरळ अंतर गुणिले कोनाचा कोसाइन. ४० यार्डांवरचे लक्ष्य ३० अंश उतारावर असेल तर आडवे अंतर ३४.६ यार्डच भरते. तिथे ४० ची पिन धरली तर बाण सुमारे बारा सेंटिमीटर वर लागतो, म्हणजे मघाच्या वर्तुळाच्या बाहेर. आणि हे चढावर असो वा उतारावर, दोन्हीकडे बाण वरच लागतो, हे नवशिक्याला सहसा पटत नाही. चढावर जास्त जोर लागेल असे वाटून तो लांबची पिन धरतो आणि चूक दुप्पट करून घेतो.

यंत्रात कोनमापक बसवून हा हिशेब आपोआप करण्याची सोय आता बहुतेक कंपन्या देतात आणि प्रत्येकीने तिला स्वतःचे नाव ठेवले आहे: ल्युपोल्डचे टीबीआर, बुशनेलचे एआरसी, व्होर्टेक्सचे एचसीडी, सिग सॉवरचे एएमआर. धनुष्याच्या कामापुरता या सगळ्यांचा गाभा एकच आहे. पाहायचे ते एवढेच की धनुष्यासाठीचा मोड आहे की फक्त रायफलचा, आणि दुरुस्त केलेले अंतर स्क्रीनवर मोठ्या आकड्यात दिसते की कोपऱ्यात. काही यंत्रे सरळ अंतर मोठे दाखवतात आणि दुरुस्त अंतर खाली बारीक. हरीण समोर असताना डोळा मोठ्याच आकड्यावर जातो.

गोल्फचे यंत्र इथे निव्वळ गैरसोयीचे न राहता चुकीचेच ठरते. गोल्फमध्ये चढावर मारायचे तर जास्त लांब मारावे लागते, म्हणून त्या यंत्राचा उताराचा मोड चढावर अंतर वाढवून सांगतो. बाणाला चढावरही अंतर कमी धरायचे असते. अशा यंत्रावर विसंबून डोंगरात चढावर नेम धरणाऱ्याचा बाण पाठीवरून निघून जाईल.

ही सोय नेमकी कुणाला लागते, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत. २० फूट उंच मचाणावरून, बुंध्यापासून २० यार्डांवर उभ्या असलेल्या हरणाचे सरळ अंतर २१.१ यार्ड भरते. फरक एका यार्डाचा, म्हणजे बाणाच्या दृष्टीने दीडेक सेंटिमीटरचा. हरीण १० यार्डांवर असेल तर सरळ अंतर १२ यार्ड होते, पण तिथे सगळे काम वीसच्या पिनेनेच भागते. विस्कॉन्सिन किंवा मिशिगनसारख्या तुलनेने सपाट राज्यात मचाणावर बसणाऱ्याने या एका सोयीसाठी किंमत दुप्पट मोजण्याची गरज नाही. त्याला फुकटची युक्ती पुरते: मचाणावर बसल्याबसल्या भोवतालच्या झाडांच्या बुंध्यांवर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर यंत्र रोखायचे. नजर आडवी असल्यामुळे मिळणारे अंतर आपोआप आडवेच असते. कोलोराडोच्या डोंगरउतारांवर एल्क या मोठ्या हरणामागे चालणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला कोनाची दुरुस्ती हवीच.

उजेडाचा प्रश्न मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली तो अजिबात कळत नाही. हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करतात, आणि अनेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी शिकारीची कायदेशीर वेळ असते. गंमत अशी की मंद उजेडात लेझर स्वतः उलट चांगला चालतो, कारण सूर्यप्रकाशाचा गोंगाट कमी झाल्याने परतीचा क्षीण स्पंद वेगळा ओळखणे सोपे जाते. अडचण येते ती आपल्या डोळ्यांची. काळ्या आकड्यांचा एलसीडी पडदा दिवसा उत्तम दिसतो, पण सांजेला काळपट झाडीवर काळा आकडा विरून जातो. पडद्यामुळे दृश्यही थोडे अंधारते, आणि कडाक्याच्या थंडीत आकडे हळूहळू उमटतात. स्वतः उजळणारा लाल ओएलईडी किंवा एलईडी आकडा सांजेला स्वच्छ दिसतो, मात्र त्याची तीव्रता कमी करता यायला हवी. नाहीतर ती लाली डोळे दिपवते आणि मागचे हरीण दिसेनासे होते. भर उन्हात, बर्फावर मात्र हाच लाल आकडा फिका पडतो. धनुष्यशिकारीचा वेळ पाहता मी उजळणाऱ्या पडद्याच्या बाजूने आहे.

मोठे करून दाखवण्याची शक्ती ही अशीच फसवी गोष्ट आहे. यंत्रावर ‘६×२१’ लिहिले असेल तर सहा ही वर्धनशक्ती आणि २१ हा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: इथे साडेतीन मिलिमीटर. अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते, म्हणजे ही दुर्बीण डोळ्याला हवा तेवढा प्रकाश देतच नाही. चारपट वर्धनाचे आणि २० मिलिमीटर भिंगाचे यंत्र पाच मिलिमीटर देते, त्यातले दृश्य जास्त उजळ आणि जास्त रुंद असते, हाताचा कंपही कमी जाणवतो. तीस यार्डांवरचे हरीण सहापट मोठे करून पाहण्याची गरज नसते. ते चटकन सापडण्याची गरज असते. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा भिंगापासून पंधरा-सतरा मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते का ते पाहावे, आणि डोळ्याजवळची चकती फिरवून आधी आतले आकडे स्पष्ट करून घ्यावेत. ही चकती न फिरवताच ‘यंत्र धूसर आहे’ म्हणून परत करणारे बरेच असतात.

बाकीचे गुण थोडक्यात. पाण्यापासून बचावाच्या दर्जात आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालेल. पावसात बसणाऱ्याला दुसरा हवा. बहुतेक यंत्रांत तीन व्होल्टची सीआर२ लिथियम बॅटरी असते, ती खेड्यातल्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून एक जादा खिशात असावी, आणि थंडीत तीही अंगालगतच्या खिशात. बटणाची टकटक आणि पिशवीच्या वेल्क्रोचा चर्रर्र आवाज वीस यार्डांवरच्या हरणाला नीट ऐकू जातो. चुंबकाने मिटणारी पिशवी त्यासाठीच बनली. एका हाताने, तोही हातमोजा घालून, यंत्र काढून मोजून परत ठेवता आले पाहिजे, कारण दुसऱ्या हातात धनुष्य असते. रायफलच्या गोळीच्या मार्गाचे (बॅलिस्टिक) तक्ते, हवामानमापक, फोनशी जोडणी या गोष्टी धनुष्यासाठी ओझे आहेत. एक जादा सोय मात्र खरोखर उपयोगी आहे: काही यंत्रे बाणाच्या कमानीचा सर्वांत उंच बिंदू दृश्यात दाखवतात. ४० यार्डांवर बाण नजरेच्या रेषेपेक्षा वाटेत वीस-बावीस सेंटिमीटर वर चढतो, आणि समोर मोकळे दिसणारे लक्ष्य असूनही वरची फांदी आड येऊ शकते.

किंमत अमेरिकेत साधारण शंभर-दीडशे डॉलरपासून सुरू होऊन चारपाचशेच्या वर जाते. माझ्या मते सपाट रानातल्या मचाणासाठी मधल्या किमतीचे, उजळणाऱ्या पडद्याचे आणि दूरची वस्तू निवडणारे यंत्र पुरेसे असते. त्याहून वरचे पैसे डोंगरात चालणाऱ्याने खर्च करावेत.

यंत्र घरी आले की परतीची मुदत संपायच्या आत त्याची परीक्षा घ्यावी. मैदानात फीत धरून २०, ३०, ४० आणि ५० यार्डांवर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर पांढरा पुठ्ठा, काळे कापड आणि पानांची फांदी असे आळीपाळीने ठेवून पाच-पाच वेळा मोजावे. आकडा एखाद्या यार्डाने खाली-वर झाला तर हरकत नाही. एकाच वस्तूवर कधी ३० तर कधी ३४ दाखवणारे यंत्र ताबडतोब परत करावे. कायम एकाच यार्डाची चूक करणारे यंत्र चालते, कारण पिना त्याच यंत्राने मोजून लावल्या की ती चूक पचते. लहरी यंत्राला उपाय नाही.

दुसरी परीक्षा फार कमी लोक करतात. आत दिसणारी नेमाची चौकट आणि प्रत्यक्ष झोत एकाच जागी पडतात का, हे पाहायचे. मागे मोकळे आकाश असेल असा विजेचा किंवा दिव्याचा खांब निवडावा, यंत्र सतत मोजण्याच्या मोडवर ठेवून चौकट डावीकडून अगदी हळू खांबाकडे न्यावी, आणि आकडा कुठे उमटतो व कुठे नाहीसा होतो ते पाहावे. मग उजवीकडून तसेच. खांब चौकटीच्या मध्यावर असताना आकडा उमटावा. तो खांब चौकटीच्या कडेला किंवा बाहेर असतानाच येत असेल, तर झोत एका बाजूला सरकलेला आहे आणि रानात हे यंत्र हरणाऐवजी शेजारच्या बुंध्याचे अंतर सांगेल. आडव्या तुळईवर किंवा घराच्या छपराच्या कडेवर हीच चाचणी वरून खाली घ्यावी. तिसरी परीक्षा सूर्य मावळल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, झाडीकडे तोंड करून. खिडकीच्या काचेतून किंवा तंबूच्या जाळीतून घेतलेल्या आकड्यावर मात्र कोणत्याच यंत्राच्या बाबतीत विश्वास ठेवू नये. दाट धुके आणि पाऊसही थेंबांवरून प्रकाश परतवून भलतेच अंतर दाखवतात.

आणि मोजमापाचे एकक तपासावे. मेनूत चुकून मीटर निवडले गेले असेल आणि पिना यार्डांत असतील, तर ‘४०’ म्हणजे खरे ४३.७ यार्ड, कंपाउंडचा बाण नऊएक सेंटिमीटर खाली. बॅटरी बदलल्यावर काही यंत्रे मूळच्या मांडणीवर परत जातात, म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी हे पुन्हा पाहावे.

वापरताना सर्वांत मोठा फायदा हरीण येण्याआधीच पदरात पडतो. मचाणावर बसताच पडलेला ओंडका, दगड, वाटेचे वळण, वेगळे दिसणारे झाड यांची अंतरे मोजून मनात ठेवायची. मग हरीण ओंडक्याजवळ आले की यंत्र उचलण्याची हालचालच करावी लागत नाही. ऐन वेळी मोजायचेच झाले तर हरणापेक्षा त्याच्या शेजारचा बुंधा मोजणे सोपे असते. यंत्राने ६० चा आकडा अचूक सांगितला म्हणून ६० वर बाण सोडावा असे मात्र नाही. त्या बाणाला पोचायला सुमारे ०.६५ सेकंद लागतात, प्रत्यंचेचा आवाज त्याच्या खूप आधी पोचतो, आणि दचकलेले हरीण तेवढ्यात जागेवरून हललेले असते.

कायद्याच्या बाजूने हातात धरायच्या रेंजफाइंडरला अमेरिकेत सहसा अडचण येत नाही, धनुष्यावर बसवलेल्या यंत्राला येते. गार्मिनने २०१८ मध्ये स्वतः अंतर मोजून प्रकाशाची पिन दाखवणारी साइट बाजारात आणली, पण धनुष्याला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांवर काही राज्यांत बंदी आहे, आणि धनुष्यशिकारीच्या नोंदी ठेवणारा पोप अँड यंग क्लबही अंतर मोजणारे साधन धनुष्यावर लावलेले असेल तर ती नोंद स्वीकारत नाही. नियम राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा आपल्या राज्याच्या खात्याची त्या हंगामाची पुस्तिका वाचूनच अशी साइट घ्यावी.

स्पर्धेच्या तिरंदाजीत या यंत्राची जागा वेगळी आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, ती ५० मीटर या ठरलेल्या अंतरावर. रिकर्व्हचे (चाके नसलेल्या, टोके पुढे वळलेल्या धनुष्याचे) अंतर ७० मीटर आणि इनडोअरचे १८ मीटर, तेही ठरलेलेच. अशा खेळाडूला अंतर मोजायचेच नसते. सरावाच्या मैदानावर रेषा आखायलाही रेंजफाइंडर वापरू नये, कारण अर्ध्या-एक मीटरची त्याची चूक स्पर्धेच्या मैदानाला चालत नाही. तिथे पोलादी फीतच हवी. फील्ड तिरंदाजीच्या एका भागात आणि थ्रीडी (प्राण्यांच्या आकाराच्या लक्ष्यांच्या) तिरंदाजीत मात्र रानात, चढउतारावर, अंतर न सांगता लक्ष्ये मांडलेली असतात. जागतिक संघटनेच्या फील्ड स्पर्धांत कंपाउंड व रिकर्व्हसाठी ही न सांगितलेली अंतरे १० ते ५५ मीटरच्या दरम्यान असतात, आणि स्पर्धेत रेंजफाइंडरला मनाई आहे. तो उपयोगी पडतो सरावात: आधी नजरेने अंतर ठरवून वहीत लिहायचे, मगच बटण दाबायचे, आणि आपण सावलीत, उतारावर किंवा मधल्या घळीपलीकडे कोणत्या बाजूला चुकतो याची नोंद ठेवायची. या कामाला पल्ला, जलरोधकता आणि कोनाची दुरुस्ती यांतले काहीही लागत नाही. सर्वांत स्वस्त पण स्थिर आकडा देणारे यंत्र त्यासाठी पुरते, आणि आपल्याकडच्या तिरंदाजाने यापेक्षा जास्त खर्च करू नये.